दोन गल्ल्यांची एक चावी

दांड फाट्यावरून रसायनीकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटच्या जाहिराती लागतात. त्यांत नवी मुंबई विमानतळाचं अंतर किलोमीटरमध्ये नसतं, मिनिटांत असतं, आणि जागेचा भाव जितका चढा तितकी मिनिटं कमी. मोहोपाड्याच्या बाजारात चहाला थांबलात तर हीच मिनिटं पुन्हा मोजली जातात आणि मग कुणीतरी विचारतोच, ‘पण तो एअरपोर्ट नक्की कुणाचा? सरकारचा की अदानीचा?’ प्रश्न साधा वाटतो. उत्तर द्यायला बसलं की घाम फुटतो.

मोहोपाड्याला हा प्रश्न पडावा यात नवल नाही. हे गाव मोठं झालं तेच सरकारी कारखान्याच्या बळावर. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली, पाताळगंगेच्या काठी तिचा कारखाना उभा राहिला, परिसराचं नावच ‘रसायनी’ पडलं आणि कॉलनीतल्या पगारावर मोहोपाड्याची बाजारपेठ वाढली. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने इथला कारखाना बंद करायचं ठरवलं. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणारं एक रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे, आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायची. जमीन एकाने दिली, कारखाना दुसऱ्याने चालवला, व्यवहार तिसऱ्याशी झाला. त्यामुळे ‘मालक कोण’ याचं उत्तर पाटीवर नसतं, कागदात असतं, हे या गावाला पुरतं ठाऊक आहे.

विमानतळाचे कागद उघडले तर पहिली गोष्ट दिसते ती ही, की अदानी समूह मुंबईच्या विमानतळांच्या जमिनीचा मालक नाही. सांताक्रूझ-सहारची जागा भारतीय विमानतळ प्राधिकरणाची, उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाची सिडकोची, म्हणजे राज्य सरकारच्या नगरनिर्मिती कंपनीची. कंपनीकडे आहे ती ठरावीक मुदतीची वहिवाट: बांधा, चालवा, पैसे गोळा करा, त्यातला ठरलेला हिस्सा आम्हाला द्या आणि मुदत संपली की परत करा. कुळकायदा पाहिलेल्या कोकणी माणसाला यात फारसं समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच, की हे कूळ जमीनदाराहून तालेवार आहे.

आणि विमानतळावरचं सगळंच काही या कुळाच्या हाती नाही. विमान उतरवायचं-उडवायचं नियंत्रण प्राधिकरणाच्या माणसांकडे, बंदूक घेऊन उभं असतं ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, पासपोर्टवर शिक्का मारणारे आणि बॅगा उघडायला लावणारे केंद्र सरकारचे, परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. कंपनी चालवते ती धावपट्टीची देखभाल, टर्मिनल, पार्किंग, मालाची गोदामं, दुकानं, लाउंज, जाहिरातींचे फलक. म्हणजे पैसा जिथे येतो ते सगळं.

ही वहिवाट आली कशी, ते पाहायला मागे जावं लागतं. मुंबईला विमानतळ आला तो १९२८ साली जुहूला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखल व्हायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलाने वापरलेलं सांताक्रूझचं मैदान पुढे नागरी वाहतुकीला मिळालं आणि जुहू मागे पडलं. तो विमानतळ आजही प्राधिकरणाकडेच आहे, हेलिकॉप्टरं तिथून उडतात. सरकारने मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी १९७२ साली एक प्राधिकरण काढलं, देशांतर्गत विमानतळांसाठी १९८६ साली दुसरं, आणि १ एप्रिल १९९५ला दोन्ही एकत्र केली; तेच हे भारतीय विमानतळ प्राधिकरण. तोवर मुंबईच्या टर्मिनलांवर गळती, रांगा आणि कुबट वास यांची तक्रार करणं हा उच्चमध्यमवर्गाचा छंद झाला होता. खासगीकरणाच्या बाजूने जे जनमत तयार झालं त्यात या कुबट वासाचा वाटा धोरणपत्रांपेक्षा कमी नसावा.

२००३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन विमानतळ भाडेपट्ट्याने द्यायची वाट मोकळी झाली. दिल्ली आणि मुंबईसाठी बोली मागवल्या गेल्या. दोन्ही विमानतळ एकाच बोलीदाराला द्यायचे नाहीत, ही त्यातली अट पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखी. मूल्यांकनावर आक्षेप आले, ई. श्रीधरन यांच्या गटाकडे फेरतपासणी गेली, जानेवारी २००६ अखेर निर्णय झाला. दिल्ली जीएमआरला, मुंबई जीव्हीकेच्या नेतृत्वाखालच्या गटाला. प्राधिकरणाचे कर्मचारी देशभर संपावर गेले. अनिल अंबानींच्या रिलायन्सने न्यायालय गाठलं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती हरली. एप्रिलमध्ये करार झाला, मे महिन्यात ताबा.

कराराचा सांगाडा असा. ‘मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट’ नावाची कंपनी, तीत ७४ टक्के खासगी गटाचे आणि २६ टक्के प्राधिकरणाचे. मुदत तीस वर्षं आणि पुढे आणखी तीस, म्हणजे २०६६पर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकूण उत्पन्नातले ३८.७ टक्के दरवर्षी प्राधिकरणाला. नफ्यातले नव्हेत, उत्पन्नातले. शंभर रुपये गल्ल्यात पडले की अडतीस रुपये सत्तर पैसे आधी बाजूला काढायचे, मग पगार, वीज, कर्जाचे हप्ते. शिवाय हा हिस्सा खर्च म्हणून दाखवून विमानांवर आणि प्रवाशांवर लादायला करारात मनाई आहे. असा विडा जीव्हीकेने उचलला, कारण २००६ साली विमान प्रवास दरवर्षी दुथडी भरून वाहत होता आणि तो कधी ओसरेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

काम झालं नाही असं म्हणता येणार नाही. सहारचं नवं टर्मिनल जानेवारी २०१४मध्ये उद्घाटन होऊन पुढच्या महिन्यात सुरू झालं. मोराच्या पिसाऱ्यासारखे खांब, भिंतभर मांडलेली हजारो कलावस्तूंची दीर्घा. कुबट वास गेला. पण खर्च वाढत गेला आणि तो वसूल करायला प्रवाशांवर ‘विकास शुल्क’ बसलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०११मध्ये सांगितलं, की दर ठरवायला नेमलेल्या नियामकाच्या मंजुरीशिवाय हे शुल्क घेता येणार नाही. मग नियामकाची मंजुरी घेऊन ते पुन्हा आलं. प्रवाशाच्या दृष्टीने फरक काय पडला, तर बेकायदा जात होते ते पैसे कायदेशीर जाऊ लागले. विमानतळाभोवतीच्या झोपड्यांच्या पुनर्वसनाचा भाग मात्र एचडीआयएल या बांधकाम कंपनीला दिला गेला, अडकला, करार रद्द झाला, आणि धावपट्टीला खेटून असलेली वस्ती तशीच राहिली. जागाच नसल्याने दुसरी समांतर धावपट्टी कधी झाली नाही. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, एका वेळी एकच वापरायची, आणि तिच्यावरून वर्षाला साडेपाच कोटींच्या घरात माणसं. या कसरतीचं जगभर कौतुक होतं. रोज ती करावी लागणाऱ्याला तिचं कौतुक कितपत वाटत असेल, कोण जाणे.

दुसरा विमानतळ लागणार हे नव्वदच्या दशकातच उघड होतं. रेवस-मांडव्याची चर्चा झाली, मग बोट उलव्यावर थांबलं. पर्यावरणाची परवानगी नोव्हेंबर २०१०मध्ये मिळाली. तिच्यानुसार डोंगर कापायचा, उलवे नदी वळवायची, खारफुटीची भरपाई दुसरीकडे करायची. आणि चालवणार कोण? इथे २००६च्या कागदातली एक ओळ जागी झाली. मुंबई विमानतळापासून दीडशे किलोमीटरच्या आत नवा विमानतळ निघाला, तर मुंबईच्या चालकाची बोली सर्वोत्तम बोलीच्या दहा टक्क्यांच्या आत असली की तिच्याशी बरोबरी करून काम घ्यायचा पहिला हक्क त्याचा. चालकाचं म्हणणं समजण्यासारखं होतं: आम्ही हजारो कोटी ओतायचे आणि उद्या शेजारी दुसऱ्याने दुकान थाटायचं, हे कसं चालेल? पण या कलमाचा एक परिणाम असा, की इतरांनी मेहनतीने बोली लावायची आणि घरच्या माणसाने शेवटी पान उचलायचं. फेब्रुवारी २०१७मध्ये बोली उघडल्या तेव्हा रिंगणात उरले होते दोघेच. जीव्हीकेने १२.६० टक्के देऊ केले, जीएमआरने १०.४४. हक्क वापरायची वेळच आली नाही. जीव्हीके सरळच जिंकली. नव्या कंपनीत ७४ टक्के मुंबई विमानतळ कंपनीचे, २६ टक्के सिडकोचे, असा करार जानेवारी २०१८मध्ये झाला.

आता ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. जुन्या विमानतळावर शंभरातले ३८.७० केंद्राच्या प्राधिकरणाला, नव्यावर १२.६० राज्याच्या सिडकोला. खाडीच्या अलीकडे एक गल्ला, पलीकडे दुसरा, आणि दोन्हीची चावी एकाच हातात. सहारहून एक विमान उलव्याला हललं की प्राधिकरणाचं उत्पन्न घटतं, सिडकोचं वाढतं, आणि कंपनीच्या हाती त्याच प्रवाशामागे उरणारा वाटा मोठा होतो. नव्या विमानतळावर कर्जाचा बोजा आहे, पहिल्या टप्प्याला १९,६५० कोटी लागले, त्यामुळे अडतीस विरुद्ध बारा ही तुलना सरळ नफ्याची नाही, हेही खरं. पण कल कुठे आहे हे कळायला सनदी लेखापाल लागत नाही. प्राधिकरणाला जुन्या कंपनीतल्या २६ टक्क्यांमुळे नव्यातही लांबून नातं मिळतं, असं कुणी म्हणेल. म्हणजे कंपनीच्या पोटात कंपनी. पण उत्पन्नातला हिस्सा दरवर्षी हातात पडतो. भागभांडवलावरचा लाभांश कधी पडेल ते पडेल.

या सगळ्या प्रकरणात मला खटकतं ते हेच. खासगी बाजू एकवटलेली आहे आणि सार्वजनिक बाजू फुटलेली. एका विमानतळात केंद्र भागीदार, दुसऱ्यात राज्य, आणि दोघांचं हित परस्परविरोधी. दोन्ही टेबलांवर समोर बसलेला माणूस एकच. एक कंपनी दोन्ही विमानतळ चालवते याची भीती सगळे बोलून दाखवतात. आपल्या दोन्ही सरकारी भागीदारांनी आपसात कधी हिशेब मांडलाय का, हे कुणी विचारत नाही.

चावी जीव्हीकेकडून अदानींकडे कशी गेली, ही गोष्ट वेगळीच आहे. अदानी समूहाने २०१९मध्ये अहमदाबाद, लखनऊ, मंगळुरू, जयपूर, गुवाहाटी, तिरुअनंतपुरम असे सहा विमानतळ बोलीत जिंकले. एका बोलीदाराला दोनपेक्षा जास्त देऊ नयेत, अशी टिपणी केंद्राच्या आर्थिक व्यवहार विभागाने केली होती. ती मानली गेली नाही. दिल्ली-मुंबई एकाला नको, हा २००६चा विचार तेरा वर्षांत किती पातळ झाला होता ते यातून दिसतं. त्याच वर्षी मुंबई विमानतळातला दक्षिण आफ्रिकी भागीदारांचा हिस्सा घेण्यासाठी अदानींनी हात पुढे केला आणि जीव्हीकेने तो अडवायला न्यायालयाचा रस्ता धरला. कर्जाने वाकलेल्या जीव्हीकेने अबू धाबी, कॅनडा आणि भारत इथल्या गुंतवणूक निधींशी ७,६१४ कोटींचा करारही केला. मग आली करोनाची साथ, विमानं जमिनीवर बसली. जून २०२०मध्ये सीबीआयने जीव्हीकेवर ७०५ कोटींच्या अपहाराच्या आरोपाचा गुन्हा नोंदवला. ३१ ऑगस्टला जाहीर झालं, की जीव्हीकेचं कर्ज अदानी घेणार आणि त्यातून तिचे साडेपन्नास टक्के. भागीदारांचे साडेतेवीस धरून ७४. फेब्रुवारी २०२३मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत यंत्रणांच्या दबावाचा आरोप केला. जीव्हीकेच्या संजय रेड्डींनी असा कोणताही दबाव नव्हता असं जाहीरपणे सांगितलं. वाचकाने तारखा पाहाव्यात आणि दोन्ही म्हणणी ऐकावीत. त्यापुढे जायला माझ्याकडे पुरावा नाही.

१३ जुलै २०२१ला ताबा गेला. अदानींच्या विमानतळ कंपनीचं मुख्यालय अहमदाबादला नेणार म्हटल्यावर मुंबईत ओरड झाली, ऑगस्टमध्ये शिवसैनिकांनी विमानतळाजवळचे ‘अदानी एअरपोर्ट’चे फलक फोडले. समूहाने खुलासा केला होता, की मुंबई आणि नवी मुंबईच्या कंपन्यांची कार्यालयं इथेच राहतील. पाटी फोडणं सोपं असतं. त्या पाटीखालच्या करारातलं एक कलमही त्या दिवशी कुणी वाचून दाखवलं नाही.

मग प्रवाशाचं रक्षण करतं कोण? २००८च्या कायद्याने आलेलं विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण. कंपनीने किती गुंतवलं, चालवायला किती लागतं, त्यावर किती परतावा रास्त, हे पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी तपासून ते उतराई शुल्क आणि प्रवासी शुल्क ठरवतं. दुकानं-पार्किंगच्या कमाईतला तीस टक्के भाग हिशेबात धरून दर तेवढे कमी करायचे, असा नियम आहे. उरलेला सत्तर टक्के भाग दरांच्या हिशेबात येतच नाही. चहाला जो भाव आपण टर्मिनलमध्ये मोजतो त्याचं हे कारण: चहावर नियामक नाही. आणि पैसे जास्त ओतले की परतावा जास्त, अशी रचना असल्याने संगमरवर स्वस्तातला बसवायची घाई कुणालाच नसते.

मे २०२५पासून मुंबईहून देशांतर्गत उड्डाण करणाऱ्यामागे १७५ रुपये प्रवासी शुल्क ठरलं. नवी मुंबईसाठी सुरुवातीला हंगामी म्हणून मंजूर झालं ते ६२० रुपये. उतरणाऱ्यालाही ७५च्या जागी २७०. नवं दुकान, नवं कर्ज, गिऱ्हाईक थोडं, म्हणून दर चढा, ही नियामकाची गणिती बाजू. पण शेजारी-शेजारी स्पर्धक असते तर नव्या दुकानदाराने गिऱ्हाईक ओढायला भाव पाडला असता. इथे तशी गरज नाही. सहार भरून वाहतंय, विमान कंपन्यांना वेळा मिळत नाहीत, आणि सहारला नाही म्हणणारा नि उलव्याला या म्हणणारा एकच.

लंडनने हे पाहिलेलं आहे. १९८७ साली ब्रिटनने आपलं विमानतळ प्राधिकरण अख्खं विकलं, हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड तिन्ही एका कंपनीकडे गेले. बावीस वर्षांनी, मार्च २००९मध्ये, तिथल्या स्पर्धा आयोगाने म्हटलं, की तिन्ही एका हातात असल्याने स्पर्धा मरते, गॅटविक आणि स्टॅनस्टेड विका. गॅटविक त्याच वर्षी विकलं गेलं, स्टॅनस्टेडसाठी कंपनी न्यायालयांत लढत राहिली आणि २०१३मध्ये हरून विकलं. पॅरिसचे दोन मोठे विमानतळ आजही एका कंपनीकडे आहेत, पण तीत निम्म्याहून जास्त हिस्सा फ्रान्स सरकारचा. आपल्याकडे दिल्लीजवळ जेवरला नोव्हेंबर २०१९मध्ये बोली उघडल्या तेव्हा दिल्लीचा चालक जीएमआर हरला आणि झुरिक विमानतळाच्या कंपनीने दर प्रवाशामागे ४००.९७ रुपये देऊन काम घेतलं. गोव्यात मोपाचा विमानतळ जीएमआरकडे, ३६.९९ टक्के हिस्सा राज्याला, आणि दाबोळीत नौदल व प्राधिकरण. दक्षिण गोव्याचे टॅक्सीवाले दाबोळी ओस पडेल म्हणून ओरडतात ती खरी स्पर्धेची ओरड आहे. मुंबईत तशी ओरड करणारं कुणी नाही.

एका हाताचे फायदेही आहेत, ते नाकारू नयेत. आकाश एकच आहे. दोन्हीकडची विमानं एकाच हवाई क्षेत्रात वळतात. जुनं टर्मिनल पाडून बांधायचं तर काही उड्डाणं पलीकडे न्यावी लागतात, आणि दोन वैरी चालक असते तर प्रत्येक विमानामागे खटला झाला असता.

ज्यांच्या जमिनीवर हे उभं आहे त्यांच्याबद्दल दोन शब्दांत सांगून भागणार नाही. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनीवर शिक्का पडला. जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तानच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. विमानतळासाठी वाघिवली, कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, गणेशपुरी अशी दहा गावं आणि पाडे उठले, तेव्हा ती टक्केवारी साडेबावीसवर गेली. देशातल्या भूसंपादनात जोड सापडणं कठीण असा मोबदला, हे सिडकोचं म्हणणं बरोबर आहे. भरावामुळे डुंगी गावात पावसाचं पाणी शिरू लागलं, सुरुंगांनी घरं हादरली, हेही तितकंच खरं. कोळ्याला खाडीच्या बदल्यात टक्केवारी देता येत नाही.

विमानतळाच्या नावावरून २०२१च्या जूनमध्ये या पट्ट्यातला माणूस रस्त्यावर उतरला. सिडकोचा ठराव बाळासाहेब ठाकरेंच्या नावाचा होता. भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, सिडको भवनाला घेराव घातला, आणि पुढच्या वर्षी राज्यात लागोपाठ आलेल्या दोन्ही सरकारांनी दिबांच्या नावाला पाठिंबा दिला. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं तेव्हा केंद्राची अधिसूचना निघालेली नव्हती. २५ डिसेंबरला पहिलं प्रवासी विमान उतरलं. ज्यांचं नाव हवं त्या दिबांनी आयुष्यभर मागितला तो हिस्सा. हिस्सा म्हणजे भूखंडाची टक्केवारी आली. पण प्रवाशामागच्या त्या सहाशे वीस रुपयांतला एक छदामही ९५ गावांकडे थेट येत नाही. १२.६० टक्क्यांचा पैसा जातो तो सिडकोच्या तिजोरीत. दहा गावांच्या ग्रामसभेने त्याचा हिशेब मागायची काही सोय करारात नाही.

खालापूर-कर्जतच्या गावांना याची झळ पोचते ती ‘नैना’च्या रूपाने. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातली २७० गावं २०१३मध्ये सिडकोच्या नियोजनाखाली आली, त्यांत या दोन तालुक्यांतलीही होती. घर बांधायची परवानगी कोण देणार, रस्ता कुठून जाणार, किती जमीन योजनेत जाणार, यावर मोर्चे निघाले. विमानतळ कंपनीचा इथे काही संबंध नाही. तिला ते नकोही आहे. ही डोकेदुखी सरकारची.

मोहोपाड्याहून सहारला जायचं तर पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्रीच गाडी काढावी लागते: पळस्पे, वाशीचा पूल, चेंबूर, आणि मग नशीब. उलव्याला अंधार फिटायच्या आत पोचता येतं. पेट्रोल वाचतं, झोप वाचते, सुरुवातीच्या दरांनी शुल्क चारशे पंचेचाळीस रुपयांनी जास्त जातं. हिशेब करून बहुतेक लोक उलवेच धरतील. दांड फाट्यावरचे गाडीवाले भाडं सांगण्याआधी विचारू लागलेत, ‘जुनं की नवं?’ पैसे कुठे कमी पडतील हे ते सांगतात. पलीकडे कुणाच्या हातात पडतील, ते विचारायला गिऱ्हाईकाला वेळ नसतो.